ओतून दिलेलं पाणी

निकानोर तुयुब हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या चुनया गावात त्याच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी पाठीमागून बोलत नाही, त्याच्या तोंडावर शंभरदा बोललोय. दुकानातून साखर आणली तर पुडी फोडून आधी बोटानं चाखणार. वाटेत कुणी तब्येतीची चौकशी केली तर घरी येऊन विचार करत बसणार, याला माझ्या तब्येतीशी काय देणंघेणं म्हणून. ताई सांगते, लग्नात पाद्रीबाबांनी ‘हिला पत्करतोस का’ विचारलं तेव्हासुद्धा यानं आधी मागं वळून पाहिलं होतं, कुणी हसतंय का ते.

या स्वभावाला कारण होतं. निकानोर चोवीस वर्षांचा असताना गावात दोन माणसं आली. इस्त्रीचे शर्ट, गोड बोलणं. रस्ता रुंद करायचाय, ज्यांच्या जमिनी कडेला आहेत त्यांनी अंगठे द्यावेत, असं त्यांनी सांगितलं. निकानोरच्या वडलांना आमच्या माया भाषेपलीकडं काही येत नव्हतं आणि कागद होता स्पॅनिशमध्ये. निकानोरला वाचता येत होतं. त्यानं कागद हातात घेतला, तर त्या दोघांतला एक हसून म्हणाला, हा वाचून होईपर्यंत म्हातारा उन्हात वाळून जाईल. सगळे हसले. निकानोरही हसला आणि त्यानं कागद परत दिला. वडलांसकट नऊ जणांचे अंगठे उठले. रस्ता काही रुंद झाला नाही. तीन वर्षांनी त्या जमिनीभोवती तारेचं कुंपण पडलं आणि पुढं तिथं डुकरांचा फार्म उभा राहिला. पत्र्याच्या लांबच लांब शेड, एकीच्या मागं एक. म्हातारा मरेपर्यंत त्या बाजूला फिरकला नाही. मुलाला मात्र तो कधी एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच निकानोरला जास्त लागलं.

आमचं पोट चालायचं ते पाहुण्यांवर, म्हणजे फिरायला येणाऱ्या लोकांवर. मी व्हॅन चालवतो, निकानोर वाटाड्या. सकाळी सातला वायादोलिद शहराच्या चौकातून माणसं घ्यायची, आधी जुन्या मंदिरांकडं न्यायची, ऊन तापायच्या आत पायऱ्या चढवून उतरवायची, मग गावातल्या कुंडावर पोहायला आणायचं. कुंड म्हणजे जमिनीच्या पोटातलं तळं. वर गोल भोक, त्यातून झाडांची मुळं दोरखंडासारखी खाली लोंबतात, आणि बेचाळीस पायऱ्या उतरलं की निळंशार पाणी. काठावर ताईचं स्वयंपाकघर. गावसभेनं चाळीस घरांना कामं वाटून दिलेली, कुणी लाइफ जॅकेटं धुतो, कुणी पायऱ्या झाडतो. पाहुण्यांपुढं उभा राहिला की निकानोर वेगळाच माणूस व्हायचा. पावसाच्या देवाच्या गोष्टी अशा सांगायचा की बायका वर आभाळाकडं बघायच्या. खाली आल्यावर मला म्हणायचा, त्या लाल टोपीवाल्यावर लक्ष ठेव, तो दगड खिशात घालणाऱ्यांपैकी दिसतो.

मग एका पावसाळ्यात कुंडाचं पाणी बदललं. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी कडेला हिरवट साय धरायची. वास यायचा, फार नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला ओळखू येईल इतका. काळे छोटे मासे पायाला टोचायचे, ते कमी झाले. निकानोर सगळ्यांच्या आधी उतरून जाळीनं साय काढायचा. पाहुण्यांनी विचारलं तर झाडाचा मोहोर गळतो म्हणून सांगायचा. मी विचारलं तर म्हणाला, मोहोरच आहे. मीही मान हलवली. चाळीस घरं होती, त्यात माझं एक होतं.

पुढं दोन वर्षांनी एक बाई आली, त्या दिवशी आम्ही सात पाहुणे घेतले. पुएब्ला शहरातलं एक कुटुंब, आईबाप, दोन मुली आणि आजी. एक हॉलंडचा उंच म्हातारा. आणि ही, एकटी. ग्रिसेल्दा कान्चे नाव सांगितलं. तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, पायात चिखलाचे बूट, हातात झाकणाचा निळा डबा. तिनं आदल्या दिवशी फोन करून दोनदा विचारलं होतं, कुंडावर आपण नेमके किती वाजता पोहोचतो. निकानोरनं तेव्हाच फोनवर हात ठेवून भुवया उडवल्या होत्या.

चौकात त्यानं तिला डब्यात काय आहे विचारलं. आईचं औषध, थंड ठेवावं लागतं, ती म्हणाली. आई कुठाय, त्यानं विचारलं. घरी, ती म्हणाली. निकानोर माझ्याकडं वळला आणि मायामध्ये पुटपुटला, “आई घरी आणि औषध फिरायला. लिबो, ही बाई बघून ठेव. शेळी बघायला आलेल्या खाटकासारखी बघतेय.”

बाईनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला वाटलं तिला हसू आलं, पण मी गाडी सुरू केली आणि विसरलो.

मंदिरांपाशी तिनं मंदिराकडं पाहिलंच नाही. पुएब्लाच्या मुली धडाधडा पायऱ्या चढल्या, आजी खाली रामोन नावाच्या झाडाच्या सावलीत बसली, हॉलंडच्या म्हाताऱ्यानं एकेका दगडाचा फोटो काढला. ही मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन जंगलाकडं बघत उभी राहिली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. वही दिसली की निकानोरला चैन पडत नाही. तो मागोमाग गेला. तिनं विचारलं, ते पत्रे चमकतायत ते काय. गोदाम, तो म्हणाला. तुमचं कुंड तिथून किती लांब. बरंच लांब. मग जमिनीखालचं पाणी कुणीकडून कुणीकडं वाहतं, तुम्हाला काही अंदाज. निकानोरनं हात उलटाच दाखवला. उत्तरेकडून दक्षिणेकडं, म्हणाला, समुद्राकडून आत. तिनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि तेही लिहून घेतलं.

खाली येऊन त्यानं मला बाजूला घेतलं. त्याच्या डोक्यात तीन गोष्टी होत्या. एक, ही जमीन घेणाऱ्यांची माणूस आहे, कुंडाभोवती हॉटेल बांधायचंय. दोन, सरकारी माणूस आहे, कुंड बंद करायला कारण शोधतेय. तिसरी गोष्ट त्यानं फार हळू सांगितली, जणू झाडं ऐकतायत. ही फार्मवाल्यांनी पाठवलीय. पाणी खराब आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते पाहुणे उन्हासाठी अंगाला लावतात त्या मलमांनी झालं असं लिहून न्यायचंय. म्हणजे दोष गावाच्या माथी.

“पण दाजी, पाणी खराब आहे हे तुम्ही पहिल्यांदाच बोललात,” मी म्हणालो.

तो वळला. गाडीत जाऊन बसला.

कुंडावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. निकानोरनं पहाटे साय काढली होती तरी कडेला पुन्हा बोटभर धरली होती. पाहुण्यांनी अंघोळी करून जॅकेटं चढवली, मुली किंचाळत पाण्यात पडल्या, आजीनंही पाय बुडवले. ग्रिसेल्दा पोहायला उतरलीच नाही. पायऱ्यांच्या मागं, जिथं तोह पक्ष्यांची बिळं आहेत, तिथं कोपऱ्यात ती उकिडवी बसली आणि दोरीला बांधलेली तपकिरी बाटली पाण्यात सोडली. एक झाली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक बाटली पुसून, चिकटपट्टी लावून, तिच्यावर लिहून डब्यात ठेवली. आम्ही दोघं वरून बघत होतो. निकानोरचा चेहरा भाजलेल्या मिरचीसारखा आक्रसला होता.

जेवायच्या वेळी त्यानं मला सांगितलं, तिला स्वयंपाकघरात गुंतवून ठेव. मी काय करणार ते त्यानं विचारलं नाही आणि तो काय करणार ते मी विचारलं नाही. मी ग्रिसेल्दाला म्हटलं, भट्टी उघडताना बघायची असेल तर या. ताईनं पहाटे जमिनीत पुरलेलं मांस बाहेर काढलं, केळीची पानं सोडली, आंबट संत्र्याचा आणि मसाल्याचा वास सुटला. ग्रिसेल्दा ताईशी बोलत बसली, भाकऱ्या थापायला लागली. तिचा हात सराईत होता, हे ताईनं मला नंतर सांगितलं. शहरातल्या बाईचा हात तसा चालत नाही. मी दारात उभा होतो. दारातून मला दिसत होतं, निकानोरनं व्हॅनचं मागचं दार उघडलं, डबा काढला, तिन्ही बाटल्या एकेक करून मातीत ओतल्या आणि प्यायच्या पाण्याच्या बुधल्यातून पुन्हा भरल्या. चिकटपट्ट्या हातानं दाबून बसवल्या. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. मी दारातून हललो नाही. म्हणजे राखण केली असंच म्हणायचं.

तो जेवायला आला तेव्हा खुशीत होता. पुएब्लाच्या आजीला त्यानं स्वतः वाढलं, हॉलंडच्या म्हाताऱ्याला मिरची खायला लावून रडवलं. 

परतीच्या वाटेवर सान एउसेबियोचा फाटा लागतो. आमच्या उत्तरेला, चार किलोमीटर आत असलेलं लहानसं गाव. ग्रिसेल्दा म्हणाली, मला इथंच सोडा, मी पुढं चालत जाईन, माझी आजी राहते. मी गाडी बाजूला घेतली. ती डबा घेऊन उतरली, निकानोरच्या खिडकीपाशी आली आणि मायामध्ये बोलली. आमच्यासारखीच माया, गावची, खेड्यातली.

“काका, खाटीक शेळी घेऊन जातो. मी फक्त पाणी घेतलं.”

 ती रागावलेली नव्हती, थकलेली दिसत होती. तिनं सांगितलं, औषधाचं खोटं बोलले, माफ करा. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कुंडावर खरं बोलले होते तर लोकांनी दगड घेऊन हाकललं. ती मेरिदा शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती, काचेची भांडी धुवायची. तिथल्या मास्तरीणबाई फुकटात पाणी तपासून द्यायला तयार झाल्या होत्या. सान एउसेबियोच्या विहिरीचं पाणी सहा महिन्यांपूर्वी तपासलं, ते घाण निघालं. पोरांच्या अंगावर चट्टे उठतायत, पोटं बिघडतायत. गावानं फार्मकडं तक्रार केली तर त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, ही घाण तुमच्याच संडासांची आहे.

“मधे तुमचं कुंड आहे,” ती म्हणाली. “फार्म दक्षिणेला, आम्ही उत्तरेला, तुम्ही मधोमध. तुमचं पाणी खराब निघालं तर ते फार्मकडून येतंय हे कळेल. चांगलं निघालं तर फार्मवाले खरे आणि माझी आजी खोटी. एवढंच बघायचंय मला.”

आणि तिनं डब्यावर हात ठेवला, अगदी जपून. मग निघून गेली.

मागं पुएब्लाच्या मुली गाणं म्हणत होत्या. वायादोलिदला पोहोचलो. पाहुणे उतरले, हॉलंडच्या म्हाताऱ्यानं दोघांशी हात मिळवले. गाडी रिकामी झाली तेव्हा मला वाटलं आता हा म्हणेल, हेही नाटक असेल कशावरून. आणि तो तसंच म्हणाला. आजी आहे कशावरून, मास्तरीण आहे कशावरून. मग माझ्याकडं वळला.

“लिबो, मी दक्षिणेच्या भेगेत भुसा टाकला होता,” तो म्हणाला.

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, साय पहिल्यांदा दिसली तेव्हा, तो फार्मच्या कुंपणालगतच्या जमिनीतल्या भेगेपाशी गेला होता आणि दोन पोती लाकडाचा लाल भुसा आत ओतून आला होता. चौथ्या दिवशी आमच्या कुंडात लाल भुसा तरंगला. म्हणजे पाणी कुठून येतंय हे त्याला दोन वर्षं पक्कं ठाऊक होतं. त्यानं भुसाही जाळीनं काढून टाकला होता.

“कुणाला सांगितलं असतं तर कुंड बंद पडलं असतं,” तो म्हणाला. “फार्म नसता पडला.”

मी गाडी वळवली. त्यानं सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही.

सान एउसेबियोला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ग्रिसेल्दाची आजी खरीच होती. पांढऱ्या भरतकामाच्या झग्यातली, चिमणीएवढी म्हातारी दारात टांगलेल्या झोळीत बसून मका सोलत होती. तिनं आम्हाला बसायला सांगितलं. निकानोर बसला नाही. ग्रिसेल्दा बाहेर आली आणि त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बाटल्या मी ओतल्या, आत प्यायचं पाणी आहे. मी म्हटलं, मी दारात उभा होतो.

ती ओरडली नाही. घरात गेली, डबा आणला, आमच्यासमोर तिन्ही बाटल्यांची झाकणं उघडून पाण्याचा वास घेऊन पाहिला. मग म्हणाली, या बाटल्या उकळून, भट्टीत तापवून स्वच्छ केलेल्या होत्या, आता उपयोगाच्या नाहीत. माझ्याकडं अजून दोनच आहेत, त्या आजीच्या विहिरीसाठी ठेवल्या होत्या. म्हातारी झोळीतून म्हणाली, आमच्या विहिरीचं आम्हाला माहीत आहे, त्या घेऊन जा.

आम्ही तिला परत कुंडावर आणलं. आता बघण्याची पाळी तिची होती. निकानोर जिथं पाय ठेवेल तिथं तिचे डोळे. तिनं त्याला पाण्यापासून दहा पावलांवर उभं केलं आणि मला वरच्या पायरीवर. बाटल्या भरताना ती मागं वळून वळून पाहत होती. भरल्यावर त्या तिनं डब्यात ठेवल्या नाहीत, छातीशी धरल्या. पाणी कुठून कुठं वाहतं ते पुन्हा सांगा, ती म्हणाली. निकानोरनं दक्षिण दाखवली, मग उत्तर, आणि भुशाचं सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं, पण त्यापुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. मी वरून पाहिलं ते. निकानोरनंही पाहिलं.

तीन आठवड्यांनी कागद आला. पाणी खराब होतं, पोहायलासुद्धा नको असं लिहिलं होतं. निकानोरनं गावसभा बोलावली. उभा राहिला, कागद वाचून दाखवला, भुशाचं सांगितलं, साय काढत होतो ते सांगितलं, बाटल्या ओतल्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं लोक फार्मवर चिडतील. लोक त्याच्यावर चिडले. शेजारच्या गावातल्या कुंडवाल्यांनी याला फोडलंय, एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, दोन वर्षं गप्प बसला तो आज का बोलतोय, काहीतरी मिळालं असेल. लाइफ जॅकेटं धुणारी आमची चुलतबहीण उठून म्हणाली, याचा बाप अंगठा देऊन जमीन घालवून बसला, हा बोलून पाणी घालवतोय. निकानोर ऐकत उभा राहिला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या बोलण्यातलं पाणी जोखलं, त्याच्या बोलण्यावर त्या दिवशी कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी हात वर झाले आणि एका मताच्या फरकानं पोहणं बंद करायचं ठरलं. ते एक मत ताईचं होतं. पाहुण्यांच्या कामातून निकानोरला काढायचं, हेही त्याच सभेत ठरलं, आणि ते मात्र मोठ्या फरकानं.

आता मंदिरांची फेरी मी आणि दुसरा एक वाटाड्या करतो. पाहुणे कमी येतात, मंदिरं पाहून जेवतात आणि जातात. ताईनं स्वयंपाकघर मंदिरांच्या वाटेवर हलवलं. निकानोर मका लावतो, मधमाश्या पाळतो. सान एउसेबियो आणि आम्ही मिळून कोर्टात गेलो, आणखी तीन गावं नंतर आली. न्यायाधीशानं फार्मला नव्या शेड बांधायला मनाई केलीय. जुन्या आहेत तशाच आहेत. पाणी दर पावसाळ्यानंतर तपासलं जातं आणि दर वेळी कागदावर तेच येतं, थोडं कमी, थोडं जास्त. ग्रिसेल्दा स्वतः येते. निकानोर तिला वाट दाखवतो, पण पाण्यापासून दहा पावलांवर थांबतो. तिनं ते पुन्हा कधी सांगितलेलं नाही, आणि जवळ या असंही म्हटलेलं नाही.

तिची आजी फेब्रुवारीत वारली, नव्वद ओलांडलेली होती, झोपेतच गेली. नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आम्ही तिघं गेलो. अंगणात जाळून काळ्या केलेल्या मिरचीतलं टर्कीचं मांस शिजत होतं, बायका जपमाळ ओढत होत्या. आम्ही बाकावर बसलो तशी बाजूची दोन माणसं कुजबुजली. एक दुसऱ्याला सांगत होता, हाच तो, पोरीच्या बाटल्या ओतणारा. निकानोरला ऐकू गेलं. ताईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठायचं का म्हणून. त्यानं मान हलवली, नाही. ग्रिसेल्दानं वाडगे आणले, पहिला त्याच्या हातात दिला, आणि तो सगळ्यांदेखत जेवला.